वस्तीतल्या मुलांना ट्रम्पेट शिकवायचाय? पहिल्या वर्षाची आखणी

दहा बाय बाराची खोली, तीत पाच-सहा माणसं, शेजाऱ्याशी मधे एक पत्रा. तिथे संध्याकाळी सात वाजता एखादं पोर ट्रम्पेट काढून बसू शकत नाही. शहरी वस्तीत ब्रास, म्हणजे ट्रम्पेटसारखी पितळी फुंकवाद्यं, शिकवायला निघालेल्या माणसाने हे आधी पक्कं धरावं. मूल घरी सराव करणार नाही, कारण करूच शकणार नाही. 'आठवड्यातून एकदा शिकवणी, बाकी सराव घरी' ही पेटीच्या किंवा गिटारच्या क्लासची पद्धत इथे चालत नाही. ओठांचे स्नायू रोज थोडं काम मागतात, आणि रविवारी दोन तास फुंकून ते तयार होत नाहीत, फक्त सुजतात.

म्हणून खालची सगळी आखणी एका गृहीतकावर उभी आहे: शिकणं आणि सराव दोन्ही वर्गातच. वाद्यं किती घ्यायची, शिक्षक किती, दिवस कोणते, हे सगळं त्यावरूनच ठरतं.

१. वाद्य निवडताना एकच स्वर धरा

पहिल्या वर्षी सगळी वाद्यं बी-फ्लॅटची असू द्या. म्हणजे ट्रम्पेट किंवा कॉर्नेट (ट्रम्पेटचाच आखूड भाऊ), आणि अंगाने मोठ्या एक-दोन मुलांसाठी युफोनियम, म्हणजे खालच्या आवाजाचं मोठं वाद्य. युफोनियमसाठी ट्रम्पेटसारखंच लिहिलेलं नोटेशन वापरलं की बोटं तीच राहतात, आवाज फक्त एक सप्तक खाली येतो. ब्रिटिश ब्रास बँडची हीच रीत आहे आणि तिचा फायदा मोठा: एका फळ्यावर, एका शिक्षकाकडून सगळे एकदम शिकतात. ई-फ्लॅटचा हॉर्न कुणी फुकट दिला तरी तो पहिल्या वर्षी कपाटात ठेवा. बोटं तीच, पण सूर वेगळा निघतो आणि नवशिक्यांचा गोंधळ उडतो.

बी-फ्लॅट म्हणजे आपल्या पेटीची काळी पाच. ट्रम्पेटवर एकही पिस्टन (बोटाने दाबायची कळ) न दाबता जो खालचा सूर निघतो त्याला सा म्हणा, पेटीवर काळी पाच दाबा, दोन्ही जुळतील. हे लक्षात ठेवायचं कारण असं, की शाळेत प्रार्थना बऱ्याचदा काळी एकमध्ये चालते आणि मुख्याध्यापकांची पहिली मागणी 'प्रार्थनेला साथ करा' अशी येते. काळी एकचा सा ट्रम्पेटवर दुसरा आणि तिसरा पिस्टन दाबून लागतो, पट्टीत तीन कोमल सूर येतात आणि वरचा सा पहिल्या वर्षात कुणालाच धड लागत नाही. वाद्याला पट्टी बदलायला लावू नका. पेटीवाल्यांना काळी पाचवर या म्हणा, त्यांना ते सोपं आहे.

आठ-नऊ वर्षांच्या मुलांसाठी ट्रम्पेटपेक्षा कॉर्नेट बरा. नळीची लांबी तेवढीच, जवळपास दीड मीटर, पण गुंडाळी आखूड असल्याने वजन अंगाजवळ राहतं आणि हात लवकर भरून येत नाहीत. ट्रॉम्बोन लहान मुलांना देऊ नका, त्याच्या सरकत्या नळीच्या शेवटच्या दोन जागांपर्यंत हातच पोचत नाही. प्लास्टिकचा ट्रॉम्बोन हलका असतो आणि पडला तरी त्याला पोचा येत नाही, पण हाताची लांबी त्याने वाढत नाही.

२. बारा मुलं, सात ट्रम्पेट, चौदा माउथपीस

हे प्रमाण उलटं वाटेल, पण विचारपूर्वक आहे. दोन मुलांमागे एक ट्रम्पेट आणि एक जादा. माउथपीस, म्हणजे ओठाला लावायचा सुटा भाग, मात्र प्रत्येकाचा स्वतःचा, शिवाय दोन शिल्लक.

नवशिक्याने जितका वेळ वाजवलं तितकाच वेळ ओठ मोकळे सोडले पाहिजेत. जोडी केली की ही विश्रांती आपोआप मिळते: एक वाजवतो, दुसरा त्याची बोटं आणि गाल बघतो, मग अदलाबदल. प्रत्येकाच्या हातात वाद्य दिलं तर कुणीच थांबत नाही आणि अर्ध्या तासात बाराही जणांचे ओठ थकतात. म्हणजे पैसे कमी आहेत म्हणून केलेली ही काटकसर नाही. बारा वाद्यांचे पैसे असले तरी सातच घ्या आणि उरलेल्या पैशांत शिक्षकाचं मानधन वाढवा.

माउथपीस ट्रम्पेटसाठी ७-सी आकाराचा घ्या. सहज मिळतो आणि मधला आहे. कॉर्नेटच्या माउथपीसचं टोक बारीक असतं, ट्रम्पेटचा माउथपीस कॉर्नेटमध्ये बसत नाही. खरेदीच्या यादीत हे वेगळं लिहा. चांदीचा मुलामा उडालेला जुना माउथपीस ओठाला लावू देऊ नका, उघडं पितळ ओठावर कळंक धरतं आणि काहींना पुरळ येतं. पुन्हा मुलामा होईपर्यंत प्लास्टिकचा चालेल.

वाद्यं कुठून? लग्नाच्या बँडची बहुतेक देशी वाद्यं मेरठहून येतात, तिथला जली कोठी हा भाग त्यासाठीच ओळखला जातो. नामांकित जपानी कंपनीचा विद्यार्थ्यांसाठीचा ट्रम्पेट देशी ट्रम्पेटच्या कित्येक पट महाग पडतो. मधला रस्ता म्हणजे चांगल्या कंपनीचं जुनं वाद्य. नवं असो वा जुनं, पैसे देण्याआधी एवढं तपासा:

- पिस्टन न दाबता त्याची छोटी स्लाइड (सरकती नळी) झटकन बाहेर ओढा. 'पॉक' असा आवाज आला तर पिस्टन हवा धरतोय. आवाज आला नाही तर पिस्टन झिजलाय. अशा वाद्यावर कसलेला वादक निभावून नेतो, नवशिक्याचा दम फुकट जातो.
- चारही स्लाइड हाताने सरकल्या पाहिजेत. तिसरी स्लाइड विशेष बघा. रे वाजवताना ती जरा बाहेर काढावी लागते, नाहीतर रे चढा लागतो.
- दुसऱ्या पिस्टनच्या स्लाइडला पोचा आहे का? ती बाजूला आडवी निघालेली असते, वाद्य त्यावर पडलं की पिस्टनचा पोकळ दंड दबतो आणि पिस्टन अडकतो. ही दुरुस्ती महागात पडते.
- पाणी काढायच्या कळेखालचा बूच शाबूत आहे का? तिथून हवा गेली तर सगळे सूर फुसके निघतात आणि दोष मुलाला दिला जातो.
- मुख्य स्लाइड सेंटिमीटरभर बाहेर काढून खुला सूर पेटीच्या काळी पाचशी जुळवा. स्लाइड पुरती ओढूनही सूर चढाच राहिला तर ते वाद्य घेऊ नका. ब्रिटिश ब्रास बँड १९६० च्या दशकापर्यंत आजच्यापेक्षा उंच स्वरमानात वाजत. त्या काळची वाद्यं अजूनही हाती लागतात, दिसायला देखणी असतात आणि पेटीशी कधीच जुळत नाहीत.

वाद्यांसोबत घ्यायचं सामान थोडकं आहे: पिस्टनचं तेल, स्लाइडचं ग्रीस, नळीत घालायचा लवचिक ब्रश, माउथपीसचा ब्रश, अडकलेला माउथपीस काढायचा ओढणी-पकडीचा साचा, बारा लहान आरसे आणि माउथपीससाठी नाव घातलेल्या कापडी पिशव्या. आरसे विसरू नका, ते का लागतात ते पुढे येईल.

परदेशातून कुणी जुनी वाद्यं पाठवतो म्हणालं तर लगेच हो म्हणू नका. परदेशी देणगी नियमन कायद्यात (२०१०) देणगी म्हणजे नुसता पैसा नव्हे, वस्तूसुद्धा. संस्थेची त्या कायद्याखाली नोंदणी नसेल तर वाद्यं घेणंच अडचणीचं ठरतं, त्यावर सीमाशुल्काचा प्रश्न वेगळा. आधी संस्थेच्या सीएला विचारा.

३. शिक्षक आणि वेळापत्रक: पंचांग उघडा

उत्तम शिक्षक तीन ठिकाणी सापडतात. पोलीस किंवा लष्करी बँडमधून निवृत्त झालेले, लग्नाच्या बँडमधले मास्तर, आणि वसई-मुंबई-गोव्याकडच्या ख्रिस्ती बँडमधले वादक. पहिले नोटेशनवर पक्के, दुसरे कानावर पक्के, तिसऱ्यांना बहुधा दोन्ही येतं. वस्तीतच एखादे बँड मास्तर राहत असतील तर आधी त्यांच्या दारी जा. त्यांना वगळून बाहेरचा शिक्षक आणलात तर तुमचा वर्ग त्यांच्या डोळ्यांत सलेल, आणि त्यांचं बरोबरच असेल.

अडचण एकच: लग्नसराई. मुहूर्त असला की बँडवाला वर्गावर येणार नाही आणि त्याने यावं अशी अपेक्षाही करू नये, त्याचं पोट त्यावर आहे. म्हणून वर्षाच्या सुरुवातीला पंचांगातल्या लग्नाच्या तारखा वहीत उतरवा. चातुर्मासात मुहूर्त नसतात, म्हणजे साधारण जुलै ते नोव्हेंबर हे महिने तुमचे. मधे गणपतीचे दहा-बारा दिवस सोडून द्या. शाळा जूनच्या मध्यात उघडते, पटसंख्या स्थिर व्हायला दोन आठवडे जातात. वर्ग जुलैच्या पहिल्या आठवड्यात सुरू केला की दिवाळीपर्यंत सलग चार महिने हातात येतात. तुळशीच्या लग्नानंतर दुसरा शिक्षक लागेल, तो आत्ताच ठरवून ठेवा. मानधन दर तासिकेला आणि त्याच दिवशी द्या, 'महिनाअखेर बघू' हे बँडवाल्यांनी आयुष्यभर ऐकलेलं असतं.

आठवड्यातून चार दिवस, दर वेळी चाळीस मिनिटं. यापेक्षा कमी दिवस जमत असतील तर वर्ग सुरूच करू नका, असं स्पष्ट म्हणेन. वेळ ठरवण्याआधी नळाला पाणी कधी येतं ते विचारा. पाण्याच्या वेळेला वर्ग ठेवलात तर पंधरा दिवसांत सगळ्या मुली गळतील आणि तुम्ही 'मुलींना आवड नाही' अशी नोंद कराल. धाकट्या भावंडाला सोबत आणायची मुभा द्या. एका कोपऱ्यात सतरंजी आणि खडू-पाटी ठेवली की भागतं.

४. जागा, शेजारी आणि कागद

महापालिकेच्या शाळेतली शाळा सुटल्यानंतरची खोली सगळ्यांत चांगली: बाक आहेत, कुलूप आहे, पालकांचा विश्वास आहे. नाहीतर समाजमंदिर. पत्र्याच्या छपराची छोटी खोली शक्यतो टाळा, सहा ट्रम्पेट एकदम वाजले की आवाज छपरावर आपटून परत येतो आणि कानांना खरोखर इजा होते. दुसरी जागा नसेल तर ट्रम्पेटची तोंडं ज्या भिंतीकडे आहेत तिथे दोरीवर गोधड्या टांगा, आणि शिक्षकाला कानात घालायचे फोमचे बोळे द्या.

ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. रुग्णालय, शाळा आणि न्यायालय यांच्या भोवतीचा १०० मीटरचा पट्टा राज्य सरकारने तसा जाहीर केला असेल तर शांतता क्षेत्र धरला जातो, त्यामुळे उघड्या पटांगणात तालीम घेऊ नका, खिडक्या लावून आत घ्या. पण खरं सांगायचं तर तक्रार नियमांवरून येत नाही, दहावी-बारावीच्या अभ्यासावरून येते. फेब्रुवारी-मार्चमध्ये वर्ग निम्म्या वेळेचा करा आणि तो फक्त माउथपीसवर आणि नोटेशनवर चालवा. हे जुलैमध्येच शेजाऱ्यांना सांगून ठेवा.

कागदपत्रं अशी तयार ठेवा:

- जागेची लेखी परवानगी, वार आणि वेळ यांसह. तोंडी परवानगी मुख्याध्यापकांची बदली झाली की संपते.
- पालकांचं संमतिपत्र, मराठीत, एका पानाचं. मुलाचा दमा, अलीकडची शस्त्रक्रिया, डोळ्यांचा किंवा हर्नियाचा त्रास यांची नोंद त्यातच. आधार कार्डाची प्रत मागू नका, तिची गरज नाही आणि ती सांभाळणं ही नसती जबाबदारी.
- फोटो-व्हिडिओसाठी वेगळी संमती. दोन्ही एकाच सहीत गुंडाळू नका.
- शिक्षक आणि मदतनीस यांची पोलीस पडताळणी.
- वाद्यांची नोंदवही: क्रमांक, स्थिती, कुणी कधी हाताळलं.
- संस्था असेल तर नोंदणीची प्रत. देणगीदार तीच आधी मागतो.

वर्गात नेहमी दोन मोठी माणसं हवीत, त्यात एक बाई. आणि शिक्षकांना पहिल्याच दिवशी सांगा, की श्वास किंवा ओठ 'दाखवण्यासाठी' मुलाच्या पोटाला, तोंडाला हात लावायचा नाही. जुन्या मास्तरांना ही सवय असते, त्यात वाईट हेतू नसतो, पण २०१२ च्या पॉक्सो कायद्यानंतर आणि त्याशिवायही ती मोडायलाच हवी. आरसे यासाठी आहेत. मूल स्वतः बघतं, स्वतःच दुरुस्त करतं, आणि खरं तर तसंच लवकर शिकतं.

५. कुणाला घ्यायचं, कुणाला थोडं थांबवायचं

वरचे पुढचे दोन पक्के दात पूर्ण आलेले हवेत. म्हणजे साधारण आठ-नऊ वर्षं. दात पडलेल्या मुलाला घेतलंत तर ते माउथपीस वाकडा लावायला शिकतं आणि पुढे सवय सुटत नाही.

दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर वाद्य नाही, आधी तपासणी. दाटीच्या वस्तीत क्षयरोग ही दूरची गोष्ट नसते. सरकारी आरोग्य केंद्रात थुंकीची तपासणी आणि उपचार मोफत आहेत. मुलाला सगळ्यांसमोर बाजूला काढू नका, पालकांना एकटं गाठून सांगा. तेवढे दिवस त्याला ताल धरायला किंवा नोटेशन लिहायला बसवा, नाव कापू नका. ओठावर फोड असेल तरी तेच.

खाऊ द्यायचा असेल तर वर्ग संपल्यावर. चणे-गूळ खाऊन लगेच वाजवलं की गूळ नळीत जातो आणि पिस्टन चिकट होतात. पण मूल उपाशी आलंय असं दिसलं तर आधी खाऊ द्या, चूळ भरायला लावा आणि दहा मिनिटांनी वाद्य द्या. उपाशीपोटी फुंकल्याने चक्कर येते.

६. पहिले सहा आठवडे

मांडी घालून बसवू नका. पोट दुमडतं, श्वास उथळ होतो आणि ट्रम्पेटचं तोंड जमिनीकडे जातं. उभं राहून किंवा स्टुलाच्या कडेवर बसून.

*पहिला आठवडा, वाद्याशिवाय.* 'म' म्हणून ओठ मिटा, मिटलेलेच ठेवून कडा आवळा, मधून हवा सोडा. ओठ भुणभुणले पाहिजेत. घोड्यासारखं 'फुर्र' नको, त्यात ओठ सैल असतात. दातांमध्ये मात्र थोडी फट हवी, दातांवर दात दाबून ठेवणाऱ्याचा सूर कायम चेपलेला राहतो. दोन दिवसांत भुणभुण जमली की माउथपीस हातात द्या. तो दोन बोटांनी, टोकाकडे धरायचा. मूठ करून धरला की मूल तो ओठात खुपसतं.

*दुसरा आठवडा, वाद्य.* वजन सगळं डाव्या हातावर. उजव्या हाताची तीन बोटं पिस्टनवर वाकवून, टोकांनी दाबायचं. उजवी करंगळी वरच्या कडीत अडकवायची नाही. कडी पान उलटताना धरायला असते, मुलं तिने वाद्य ओठांवर ओढतात. पिस्टन न दाबता फुंकल्यावर कुणाला खालचा सा लागेल, कुणाला प. दोन्ही बरोबर. ज्याला जो लागला तिथून सुरुवात करा, 'सा आधी' असा हट्ट धरू नका. एकदम वाजवलं की सा आणि प जुळून गोड लागतात, पहिल्याच दिवशी.

सुराची सुरुवात जिभेने: 'तू', जिभेचं टोक वरच्या दातांच्या मुळाशी. बरीच मुलं थुंकल्यासारखं 'थू' करतात, जीभ ओठांमधून बाहेर येते. हे पहिल्या पंधरवड्यात पकडलं नाही तर पुढे वेगात वाजवताना सगळं फसतं.

*तिसऱ्यापासून सहाव्यापर्यंत पाच सूर.* बोटं अशी: सा खुला, रे पहिला-तिसरा, ग पहिला-दुसरा, म पहिला, प खुला. सारेगमवरच शिकवा आणि कानाने शिकवा. गोव्यात चर्चच्या शाळांतून मुलं वाद्य हाती येण्याआधी नोटेशन वाचायला शिकत. ती परंपरा थोर आहे, मुंबईच्या सिनेमा-वाद्यवृंदांतले कितीतरी वादक तिच्यातूनच आले. पण तिथे मागे अख्खी शाळा आणि रोजचं चर्च होतं. तुमच्याकडे चाळीस मिनिटं आहेत. पाच रेघांचं नोटेशन सातव्या आठवड्यात काढा, बोटांत बसलेले सूर कागदावर ओळखायला मुलांना वेळ लागत नाही. त्यापलीकडे मात्र ते टाळू नका. नुसतं कानावर राहिलेलं मूल पुढे पोलीस बँडच्या किंवा ग्रेड परीक्षेच्या दारात अडकतं.

चाळीस मिनिटांची वाटणी: पाच मिनिटं तेल घालणं आणि श्वास, पाच मिनिटं माउथपीस, वीस मिनिटं जोडीने आळीपाळीने वाद्य, पाच मिनिटं सगळे मिळून एकच लांब सूर, शेवटची पाच पाणी काढणं आणि पुसणं. अदलाबदलीच्या वेळी आपला माउथपीस काढायचा, कळ दाबून जोरात फुंकून पाणी काढायचं, मगच दुसऱ्याला द्यायचं.

माउथपीस मुलाबरोबर घरी जातो, वाद्य जात नाही. माउथपीसची भुणभुण भिंतीपलीकडे पोचत नाही, दात घासल्यावर पाच मिनिटं केली तरी आठवडाभरात फरक कळतो. घरी होऊ शकेल असा सराव एवढाच.

चुका बहुतेक तीनच दिसतात. गाल फुगणं, आरसा पुरतो. ओठांवर लाल गोल वण उमटून तो अर्ध्या तासाने टिकून राहणं, म्हणजे दाब जास्त, त्या मुलाला आठवडाभर फक्त सा आणि प वर ठेवा. आणि वरचे सूर काढायची चढाओढ. ही तिसरी सगळ्यांत घातक. वस्तीतल्या मुलांनी ट्रम्पेट ऐकलेला असतो तो वरातीत, उंच आणि फाडणारा, आणि त्यांना तसाच हवा असतो. 'कोण जास्त उंच' ऐवजी 'कोण जास्त लांब' अशी पैज लावा. एका दमात बारा आकडे, मग सोळा. ओठ त्यातूनच तयार होतात आणि वरचे सूर मागून येतात.

७. २६ जानेवारीचं लक्ष्य

पहिलं जाहीर वादन म्हणून राष्ट्रगीत धरा. ट्रम्पेटवर ते मंद्र नी पासून वरच्या सा पर्यंतच जातं. पाच सुरांत भर घालायची ती आणखी पाचच: मंद्र नी दुसरा पिस्टन, तीव्र म दुसरा, ध पहिला-दुसरा, नी दुसरा, वरचा सा खुला. १५ ऑगस्टचा आग्रह शाळेकडून नक्की होईल, नम्रपणे नाही म्हणा. दीड महिन्यात ओठ तयार होत नाहीत आणि राष्ट्रगीत फसलं तर सगळ्या शाळेसमोर फसतं.

पूर्ण राष्ट्रगीताला साधारण ५२ सेकंद लागतात. नवशिके दम पुरत नाही म्हणून मधेच रेंगाळतात, आणि गाणारी शाळा पुढे निघून जाते. श्वास कुठे घ्यायचा ते फळ्यावर खुणा करून ठरवा आणि दोन गटांत ओळी वाटून द्या. वरचा सा न लागणाऱ्यांनी 'जय हे'च्या चढत्या जागी खालचा सा धरून ठेवला तरी छान वाटतं. जानेवारीतली सकाळ थंड असते, थंड वाद्य उतरा सूर देतं. पाच मिनिटं आधी नुसती उबदार हवा फुंकून वाद्य तापवा, मगच पेटीशी जुळवा.

८. देखभाल: वर्ग इथेच तुटतो

दर वर्गाआधी प्रत्येक पिस्टनला तीन-चार थेंब तेल. पिस्टनचंच तेल. शिलाई मशिनचं, खोबरेल किंवा सायकलचं तेल काही दिवसांत चिकट होतं. काही बँडवाले घासलेट वापरतात, पिस्टन पळतो खरा, पण त्याची वाफ मुलांच्या छातीत जाते.

तेल घालताना एका वेळी एकच पिस्टन बाहेर काढायचा. तिन्ही काढले की अदलाबदल ठरलेली. पिस्टनवर १, २, ३ असे आकडे कोरलेले असतात आणि १ नंबर वाजवणाऱ्याच्या तोंडाकडचा. आकडा चुकला किंवा पिस्टन खाचेत बसला नाही तर फुंक पूर्ण अडते. 'वाद्य बिघडलं' अशी ओरड झाली की आधी हेच बघा, निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

माउथपीस हलकेच फिरवून बसवायचा, तळहाताने ठोकायचा नाही. अडकलाच तर पक्कड लावू नका, पुढची पातळ नळी पिळली जाते आणि डाख सुटतो. साचा याचसाठी घेतलाय.

महिन्यातून एकदा आंघोळ: मोठ्या टबात कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचे चार थेंब, पिस्टन वेगळे काढून, त्यांवरचे लोकरीचे तुकडे न भिजवता. पाणी कडकडीत असलं की लाखेचा थर निघतो. माउथपीस मात्र दर आठवड्याला साबणाने आणि ब्रशने, मग सत्तर टक्के अल्कोहोलचा फवारा मारून वाळवायचा.

आणि पितांबरी नको. एखाद्या आईने मायेने ट्रम्पेट लख्ख घासून दिल्याचं दृश्य कुठल्याही वर्गात दिसेल. समईला ठीक आहे, पण ट्रम्पेटवरचा थर त्याने निघतो आणि पावडरीचे कण पिस्टनमध्ये शिरले की धातूवर धातू घासतो. चिंच-लिंबूही नको. मऊ सुती कापड पुरे. पालकांच्या पहिल्याच सभेत हे सांगा.

पावसाळ्यात कपाटात ओल धरते आणि किनारपट्टीवर हवा खारी असते. वाद्य पुसून, पाणी काढून, ते ठेवायच्या पेटीचं झाकण दहा मिनिटं उघडं ठेवूनच बंद करा. उंदीर पेटीचं अस्तर आणि पिस्टनवरची लोकर कुरतडतात, म्हणून पत्र्याचं कपाट.

दोन थोरली मुलं 'वाद्य-राखणदार' नेमा. तेलाची बाटली आणि नोंदवही त्यांच्या ताब्यात. पोचे काढणं आणि डाख देणं हे मात्र बँडची वाद्यं दुरुस्त करणाऱ्याचंच काम. वर्षाच्या खर्चात त्याची रक्कम आधीच बाजूला ठेवा, कारण देणगीदार वाद्याला पैसे देतात, दुरुस्तीला देत नाहीत.

९. पालक, सुपाऱ्या आणि पुढारी

'पोराला वाजंत्री करायचं नाही' हे वाक्य ऐकायला मिळेल. ते हलक्याने घेऊ नका. वाजवण्याचं काम पिढ्यान् पिढ्या ठरावीक जातींच्या माथी मारलं गेलं आणि तोंडाने फुंकायच्या वाद्याला उष्टं म्हणून हिणवलं गेलं. त्यातून बाहेर पडायला ज्यांनी धडपड केली, त्यांना तुम्ही त्याच दारात परत नेताय असं वाटणं साहजिक आहे. भाषण देऊ नका. माहिती द्या: महाराष्ट्र पोलीस भरतीत बॅण्ड्समनची पदं असतात, लष्कराचं बँड-प्रशिक्षण पचमढीला चालतं, लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या ब्रासच्या ग्रेड परीक्षा भारतात देता येतात. पोलीस भरतीत शिक्षण आणि उंचीच्या अटी त्या-त्या वर्षीच्या जाहिरातीत असतात, त्या वाचूनच बोला. नोकरीचं आश्वासन देऊ नका.

मुलं जरा वाजवायला लागली की सुपाऱ्या येतात: वरात, दुकानाचं उद्घाटन, पुढाऱ्याचा वाढदिवस. नाही म्हणा. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला लावणं बालकामगार कायद्याने बंद आहे आणि वरात हा शाळेचा कार्यक्रम नाही. एकदा हो म्हटलंत की दुसऱ्या दिवसापासून 'माझ्या पोराला किती दिले' हा प्रश्न वस्तीभर फिरतो. वर्षातून दोनच कार्यक्रम, शाळेत, दिवसा. रात्रीचा कार्यक्रम ठेवलात तर मुलींची संमती मिळणार नाही.

१०. मे महिना

परीक्षा झाल्या की निम्मी मुलं गावी जातात. वर्ग बंद ठेवा. वाद्यं धुऊन पूर्ण वाळवा, चारही स्लाइडना ग्रीस, पिस्टनला नेहमीपेक्षा जास्त तेल, माउथपीस बाहेर काढून पिशवीत. ग्रीस न लावता ठेवलेली स्लाइड जूनमध्ये हलत नाही. माउथपीस पिशवीसकट मुलांकडेच राहू द्या, एखाद-दुसरा हरवेल, ते दोन शिल्लक त्यासाठीच आहेत. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात राखणदार मुलांना एक दिवस आधी बोलवा, सगळी वाद्यं उघडा, 'पॉक'ची परीक्षा पुन्हा घ्या आणि दुरुस्तीवाल्याकडे काय पाठवायचं ते नवी मुलं येण्याआधी ठरवा.